येशिवातली मुलं सैन्यात का जात नाहीत?

२५ जून २०२४ रोजी इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयातल्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने निकाल दिला: येशिवात (धर्मशास्त्राच्या पाठशाळेत) शिकणाऱ्या हरेदी, म्हणजे कर्मठ ज्यू तरुणांना सैन्यभरतीतून वगळायला आता कायद्याचा कसलाही आधार उरलेला नाही, सरकारने त्यांना बोलावणं धाडलंच पाहिजे. तेव्हापासून तिथल्या बातम्यांत एक दृश्य वरचेवर दिसतं. काळे कोट, काळ्या हॅट, कानाजवळ बटा आणि रस्ता अडवून बसलेली विशी-बाविशीची मुलं. तुरुंगात जाऊ पण सैन्यात जाणार नाही, असं ती ओरडून सांगत असतात. जुलै २०२५ मध्ये याच मुद्द्यावरून एक हरेदी पक्ष सरकारातून बाहेर पडला आणि दुसऱ्याने मंत्रिपदं सोडली.

आपल्याकडे ही बातमी वाचणारा चक्रावतो. इस्रायल म्हणजे मुलगा-मुलगी न पाहता सगळ्यांना गणवेश चढवणारा देश, अशी आपली समजूत. मग त्याच देशात, युद्ध चालू असताना, धडधाकट तरुणांचा एवढा मोठा गट ‘आम्ही पोथी वाचतोय, आम्हाला बोलावू नका’ असं म्हणतो कसा? आणि सरकार पंचाहत्तर वर्षं ते ऐकून घेतं कसं?

याचं उत्तर लष्करात सापडत नाही. ते ज्यू लोकांच्या शिक्षणाच्या इतिहासात आहे.

तीन शब्द आधी

तालमुद म्हणजे ज्यू धर्मशास्त्राचा तो अवाढव्य ग्रंथ, ज्यात शेकडो वर्षांचे रब्बींचे, म्हणजे धर्मपंडितांचे, वादविवाद नोंदवले आहेत. येशिवा म्हणजे तो ग्रंथ शिकण्याची जागा. तिथे बहुतेक तरुण मुलगे आणि अविवाहित पुरुष असतात, लग्नानंतरही शिकत राहणाऱ्यांसाठी वेगळी सोय असते. हरेदी म्हणजे कर्मठ ज्यू, ज्यांनी आधुनिक समाजापासून स्वतःला जाणूनबुजून वेगळं ठेवलं आहे. इस्रायलच्या लोकसंख्येत ते साधारण १३-१४ टक्के आहेत, आणि घरटी सरासरी सहाच्या वर मुलं असल्याने हा टक्का वाढतोच आहे.

बास, एवढ्यावर पुढचं सगळं कळेल.

मंदिर गेल्यावर उरलं काय?

इसवी सन ७० मध्ये रोमन सेनेने जेरुसलेमचं मंदिर जाळलं. तोवर ज्यू धर्म म्हणजे मुख्यतः मंदिर, तिथले पुरोहित आणि तिथे दिले जाणारे बळी. मंदिराबाहेर बळी द्यायची मुभा नव्हती, त्यामुळे पूजेचा मुख्य मार्गच बंद झाला. त्या काळच्या बऱ्याच धर्मांचा शेवट अशाच एखाद्या घटनेने झालेला आहे.

परंपरा सांगते, की वेढ्यातून निसटलेल्या योहानान बेन जक्काई या रब्बीने रोमन सेनापतीकडे एक मागणी केली: यावने हे गाव आणि तिथले विद्वान मला द्या. जेरुसलेम वाचवा, असं त्याने मागितलं नाही. पुढे ज्यू लोकांत यावरून पुष्कळ वाद झाला, कुणी त्याला द्रष्टा म्हणालं, कुणी म्हणालं मागायचंच होतं तर मोठं तरी मागायचं. पण झालं ते असं, की पुरोहिताची जागा रब्बीने घेतली, वेदीची जागा प्रार्थनेने आणि अभ्यासाने. शास्त्र शिकणं हीच उपासना झाली. देवाने काय सांगितलंय यावर दोघांनी डोकं लावून भांडणं, ही त्याची सेवा.

शाळेचा विचार त्याच्याही आधीचा. मंदिर पडण्याच्या काही वर्षं आधी यहोशुआ बेन गामला या मुख्य पुरोहिताने गावोगाव शिक्षक नेमून सहा-सात वर्षांच्या मुलांना शाळेत बसवण्याची व्यवस्था केली, असं तालमुद सांगतं. त्याच ठिकाणी पटसंख्येचाही नियम आहे. पंचवीस मुलांना एक शिक्षक, चाळीस झाली तर एक मदतनीस, पन्नास झाली तर दुसरा शिक्षक. एका वर्गात साठ-साठ मुलं कोंबणाऱ्या आपल्या शाळांनी हे वाचायला हरकत नाही.

त्या पानावर असतं तरी काय?

‘धर्मग्रंथाचं शिक्षण’ म्हटलं की आपल्यासमोर पाठांतर येतं. संथा, पारायण, हेल काढून म्हणणं. येशिवात शिरलात तर पहिल्यांदा कानावर येतो तो गोंगाट. शे-दोनशे मुलं जोड्या करून बसलेली, हातवारे करत एकमेकांवर ओरडतायत, आणि शांत राहा असं कुणी म्हणत नाही.

कशावर ओरडतात, ते एका उदाहरणाने पाहू. तालमुदमधला हा अतिशय गाजलेला उतारा आहे.

दोन माणसं न्यायालयात येतात. दोघांनी एकच उपरणं धरलेलं आहे. पहिला म्हणतो, मला सापडलं, सगळं माझं. दुसराही म्हणतो, मला सापडलं, सगळं माझं. साक्षीदार नाही. निवाडा असा: यात माझा हिस्सा अर्ध्यापेक्षा कमी नाही, अशी दोघांनी शपथ घ्यायची आणि वाटून घ्यायचं.

इथवर ठीक. आता पुढचं पाऊल. पहिला म्हणतो सगळं माझं, आणि दुसरा म्हणतो अर्धं माझं. आता? आपण पटकन म्हणू, मागण्या दोनास एक आहेत, तेव्हा पहिल्याला दोन तृतीयांश, दुसऱ्याला एक तृतीयांश. तालमुद म्हणतं, नाही. पहिल्याला पाऊण, दुसऱ्याला पाव. कारण दुसऱ्याने ‘अर्धं माझं’ म्हणताना उरलेलं अर्धं पहिल्याचं आहे हे कबूलच केलंय. त्या अर्ध्यावर वाद नाहीच. वाद राहिला उरलेल्या अर्ध्याचा, तो समान वाटायचा.

मग प्रश्नांची माळ सुरू होते. शपथ ‘अर्ध्यापेक्षा कमी नाही’ अशी विचित्र का? दोघं तर सगळं मागतायत. उत्तर: दोघांनीही ‘सगळं माझं’ अशी शपथ घेतली आणि न्यायालयाने हातात अर्धंच ठेवलं, तर न्यायालयानेच शपथ खोटी ठरवली असं होईल. बरं, वाटायचंच आहे तर शपथ हवी कशाला? रब्बी योहानानचं उत्तर: नाहीतर उद्या कुणीही रस्त्यात दुसऱ्याचं वस्त्र धरेल आणि माझं म्हणून अर्धं घेऊन जाईल. आणि धरलंय कसं, नुसता काठ धरलाय की अर्धं अंगाभोवती घेतलंय? मग ज्याच्या मुठीत जेवढं आहे तेवढं त्याचं, मधलं वाटायचं. आणि ही झाली एका प्रकरणाची सुरुवात. छापील तालमुदची अशी २,७११ पानं आहेत, दोन्ही बाजूंनी भरलेली. मध्ये मूळ मजकूर, एका अंगाला अकराव्या शतकातल्या फ्रान्समधल्या राशी या भाष्यकाराची टीका, दुसऱ्या अंगाला त्याच्या नातवंडांच्या पिढीने त्याच्याशी घातलेला वाद. १९२३ साली मेइर शापिरो नावाच्या पोलंडमधल्या तरुण रब्बीने सुचवलं, की जगभरच्या ज्यू लोकांनी रोज एकच ठरलेलं पान वाचावं. तो क्रम अजून चालू आहे, आणि एक फेरी पुरी व्हायला जवळजवळ साडेसात वर्षं लागतात.

हे एकट्याने होत नाही, म्हणून जोडी. आपल्याकडच्या तालमीसारखंच. पैलवान एकटा जोर-बैठका मारेल, पण कुस्ती शिकायची तर समोर जोड लागते, आणि ती आपल्यापेक्षा थोडी वरचढ असली तर उत्तम. तालमुदमध्ये याची एक गोष्ट आहे. वर आलेल्या रब्बी योहानानचा अभ्यासातला जोडीदार होता रेश लाकिश, मूळचा दरोडेखोर म्हणतात. तो वारला. योहानानचं दुःख हलकं व्हावं म्हणून एका हुशार विद्वानाला त्याच्यासमोर बसवलं. योहानान काहीही बोलला की हा म्हणे, ‘बरोबर आहे, याला आधारही आहे.’ योहानान उखडला. म्हणाला, रेश लाकिश माझ्या एकेका विधानावर चोवीस हरकती घेई, मी चोवीस उत्तरं देई आणि त्यातून शास्त्र उलगडे. मी बरोबर आहे हे मला माहीत नाही का?

मग पूर्वी सगळेच ज्यू पुरुष हेच करत होते?

नाही. आणि आजच्या वादातली सगळ्यात जास्त दडपली जाणारी गोष्ट हीच आहे. गावात तालीम असते म्हणून अख्खा गाव पैलवान नसतो.

मुलांना अक्षरओळख आणि तोरा (ज्यूंचे पाच मूळ धर्मग्रंथ) सगळीकडे शिकवत. मध्ययुगीन जर्मनीत पहिल्या दिवशी पाटीवरच्या अक्षरांना मध लावून मुलाला चाटायला देत, विद्या गोड लागावी म्हणून. पण तेराव्या वर्षानंतर बहुतेक पोरं शिंप्याच्या, चांभाराच्या, गाडीवानाच्या हाताखाली जात. मोठा अभ्यास करणारे थोडे, हुशार म्हणून निवडलेले. त्यांचं पोट गाव भरी. आपल्याकडे वार लावून जेवणारे विद्यार्थी असत, अगदी तसेच पूर्व युरोपातल्या येशिवातले विद्यार्थी सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी जेवत.

आधुनिक येशिवाचा नमुना सुरू होतो तो १८०३ च्या सुमारास, आजच्या बेलारूसमधल्या वोलोझिन गावी. तिथे पहिल्यांदा दूरदूरहून वर्गणी गोळा करून विद्यार्थ्यांच्या खर्चाची सोय झाली आणि घरोघर जेवणं थांबलं. शंभर वर्षांत पूर्व युरोपभर त्याच्या नकला झाल्या. तरीही लाखो ज्यूंमध्ये हे विद्यार्थी होते काही हजारच.

विद्वानाने काम करावं की नाही, यावर शास्त्रातच दोन मतं आहेत. बाराव्या शतकातले मैमोनिदेस हे ज्यू धर्मशास्त्रातलं सर्वांत वजनदार नाव. त्यांनी स्पष्ट लिहिलं, की काम न करता दानावर जगून शास्त्र शिकेन असं ठरवणारा माणूस देवाच्या नावाला बट्टा लावतो. स्वतः ते कैरोत वैद्यकी करत, दिवसभर रोगी तपासून थकून जात. मात्र त्यांची कथा इतकी सरळ नाही. वैद्यकीकडे वळण्याआधी घरखर्च त्यांचा धाकटा भाऊ दावीद चालवायचा. तो रत्नांचा व्यापारी होता, हिंदुस्थानच्या वाटेवर आपल्याच समुद्रात बुडाला, आणि त्यानंतर मैमोनिदेस वर्षभर अंथरुणाला खिळले. म्हणजे भावाच्या कमाईवर अभ्यास चालला होता, तो बुडाला तेव्हा नोकरी धरली. वर त्याच मैमोनिदेस यांनी दुसरीकडे लिहिलंय, की लेवी घराण्याचे लोक देवाच्या सेवेत असल्याने इतरांसारखे लढाईला जात नसत, आणि कुणीही माणूस मनापासून ठरवेल तर तसाच होऊ शकतो. आज हरेदी वकील हाच उतारा दाखवतात.

मग चारशेचे साठ हजार कसे झाले?

हिटलरने पूर्व युरोपातलं हे जग पुसून टाकलं. वोलोझिनच्या धर्तीवरच्या जवळजवळ सगळ्या येशिवा गेल्या, शिक्षक-विद्यार्थ्यांसकट. मीर या गावची येशिवा मात्र जवळपास पूर्ण वाचली. १९४० मध्ये लिथुआनियातल्या सुगिहारा या जपानी अधिकाऱ्याने ज्यू निर्वासितांना जपानमार्गे जाण्याचे हजारो परवाने दिले. मीरचे शेकडो विद्यार्थी सैबेरिया ओलांडून आधी जपानला, मग शांघायला पोचले. तिथे युद्ध संपेपर्यंत ते बेथ आरोन या प्रार्थनामंदिरात बसून तालमुद शिकत राहिले. ते मंदिर बांधणारे सायलस हार्डून जन्माने बगदादचे, वाढलेले मुंबईत.

१९४८ मध्ये नवा देश उभा राहिला तेव्हा रब्बींनी पंतप्रधान बेन-गुरियन यांना गळ घातली: राखेतून थोडे निखारे उरलेत, तेवढे विझू देऊ नका. बेन-गुरियन स्वतः धार्मिक नव्हते. हे जग आपसूक मिटत जाईल असंच तेव्हाच्या बऱ्याच नेत्यांना वाटत होतं. त्यांनी सुमारे ४०० विद्यार्थ्यांना सूट दिली. अट एकच: शास्त्राभ्यास हाच त्याचा पूर्णवेळ व्यवसाय असला पाहिजे.

पुढे दरसाल नव्याने सूट मिळणाऱ्यांची संख्या ८०० च्या मर्यादेत ठेवली होती. १९७७ मध्ये मेनाखेम बेगिन यांना सरकार बनवायला हरेदी पक्षाची मतं लागली आणि मर्यादा उठली. वीस वर्षांत सूट घेणारे २८ हजारांच्या वर गेले. २०२४ च्या निकालात लष्करी वयाच्या ६३ हजार तरुणांचा उल्लेख आहे. मधल्या काळात न्यायालयाने १९९८ मध्ये सांगितलं, की संरक्षणमंत्र्यांना परस्पर अशी सूट देता येणार नाही, संसदेने कायदा करावा. कायदा झाला, २०१२ मध्ये रद्द ठरला. दुसरा झाला, २०१७ मध्ये तोही रद्द ठरला. मग मुदतवाढ, मग पुन्हा मुदतवाढ.

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान त्या मूळ अटीने केलं. चारशे निवडक मुलांसाठी ‘अभ्यास सोडून दुसरं काही करायचं नाही’ ही अट योग्यच होती. तीच अट साठ हजारांना लावली की काय होतं? ज्याचं अभ्यासात चित्त नाही असा मुलगाही सैन्यात बोलावण्याचं वय उलटेपर्यंत येशिवाच्या पटावर नाव ठेवतो. हे वय बरीच वर्षं २६ होतं. उघडपणे नोकरी धरली तर सूट गेली. धंदा शिकता येत नाही, कारण कागदोपत्री तो पूर्णवेळ विद्यार्थी. सव्विसाव्या वर्षी तो बाहेर पडतो तेव्हा लग्न झालेलं, दोन-तीन मुलं, आणि गणित-इंग्रजी तेराव्या वर्षीच सुटलेलं. अनेक हरेदी मुलांच्या शाळांत त्यानंतर हे विषय जवळपास शिकवतच नाहीत.

मग घर कोण चालवतं?

बायका. ही गोष्ट परदेशी बातम्यांत कोपऱ्यात जाते, पण सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे. हरेदी पुरुषांपैकी निम्म्याहून थोडे जास्त कामाला आहेत. हरेदी स्त्रियांत हे प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास, इतर ज्यू स्त्रियांच्या फार मागे नाही.

मुलींना तालमुद शिकवत नाहीत, त्यामुळे त्यांच्या शाळेत बाकीच्या विषयांना जागा उरते. या शाळांची सुरुवात एका शिंपिणीने केली. क्राकोवच्या सारा श्नीरर. पोलंडमध्ये मुलगे धार्मिक शाळेत जात आणि मुली सरकारी शाळेत. शिकून आलेल्या मुलीला घरातल्या चालीरीती परक्या वाटू लागत. सारा यांनी १९१७ मध्ये स्वतःच्या शिवणकामाच्या जागेत पंचवीस मुली गोळा करून बेथ याकोव्ह ही शाळा काढली. काही वर्षांत तिच्या शाखा युरोपभर पसरल्या. परंपरा टिकवायला काढलेल्या शाळेने पुढे त्या समाजाच्या कमावत्या बाया घडवल्या.

पण ‘आमच्या अभ्यासाने देश वाचतो’ हे कुणाला पटेल?

बाहेरच्याला पटणं अवघड. पण हरेदी माणूस हे पळवाट म्हणून बोलतो असं धरलं, तर त्याचं वागणं कळणारच नाही. त्याच्या लेखी बंदूक हे दुसरं संरक्षण, पहिलं संरक्षण अभ्यास. आधारही आहे: गावाच्या तटबंदीचा कर विद्वानांवर बसवला तेव्हा तालमुदमध्ये हरकत घेतली जाते, की विद्वानांना रक्षणाची गरज नसते. हरकत घेणारा तोच, रेश लाकिश.

विरोधकही शास्त्रातूनच बोलतात. धर्माने सांगितलेल्या युद्धात सगळ्यांनी निघायचं, नवरदेवाने शेजघरातून आणि नवरीने मांडवातून, असं त्याच परंपरेत लिहिलंय. आणि तोरामध्ये मोशे (मोझेस) दोन वंशांना सुनावतो: तुमचे भाऊ लढाईला जाणार आणि तुम्ही इथे बसणार का?

भीती आणखी एक आहे, आणि ती जास्त खरी वाटते. सैन्य इस्रायलमध्ये सगळ्यांना एका साच्यातून काढतं. मुलगा अठराव्या वर्षी तिथे गेला की वेगळं जग बघेल आणि परत आपल्यासारखा राहणार नाही, हे रब्बींना माहीत आहे.

अरब नागरिकांना सूट चालते, मग यांनाच का नाही?

बहुतेक अरब नागरिकांना बोलावलं जात नाही, हे खरं. (द्रूझ समाजाच्या पुरुषांना १९५६ पासून सक्ती आहे.) पण देशाचे शत्रू हे त्यांचे भाऊबंद, असं स्वतः सरकारच मानत आलं आहे. हरेदींची गोष्ट वेगळी, कारण त्यांचे पक्ष सरकारात असतात आणि युद्धाच्या निर्णयात त्यांचं मत पडतं. ज्यांचा मुलगा राखीव दलात चौथ्यांदा गाझाला गेलाय, त्या आईबापांना राग याचा येतो. मनुष्यबळ १० ते १२ हजारांनी कमी पडतंय असं लष्करच म्हणतं.

सगळेच धार्मिक ज्यू असे?

नाही. इस्रायलमध्ये येशिवा आणि सैन्य यांचा मेळ घालणारी एक वेगळी धार्मिक परंपरा आहे. तिथली मुलं काही वर्षं शिकतात, मध्ये रणगाड्यावर जातात, परत येऊन शिकतात. गाझाच्या युद्धात मेलेल्यांत त्यांची संख्या ठळक आहे.

आणि तालमुदशिवाय ज्यू राहता येतं का, या प्रश्नाचं उत्तर तर रायगड जिल्ह्यात आहे. बेने इस्रायल लोक कोकणात शेकडो वर्षं राहिले, तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद ठेवला म्हणून शनवार तेली म्हणवले गेले. त्यांच्याकडे रब्बी नव्हता, तोराची गुंडाळी नव्हती, तालमुदचं तर नावही माहीत नव्हतं. शब्बाथ, सुंता, खवले असलेलेच मासे खाणं आणि ‘शेमा इस्राएल’ ही एक प्रार्थना, एवढ्यावर ते टिकले. पुढे कोचीनच्या ज्यू शिक्षकांनी त्यांना विधी शिकवले. गंमत अशी, की हिब्रूचं व्याकरण त्यांच्यासाठी मराठीत लिहिलं ते एका ख्रिस्ती मिशनऱ्याने. जॉन विल्सन, १८३२. विल्सन यांना धर्मांतराची आशा होती. बेने इस्रायलांनी हिब्रू घेतली आणि धर्म स्वतःचाच ठेवला. वल्हांडण (पासओव्हर) या सणाच्या रात्री वाचायची पोथी १८४६ मध्ये मराठी अर्थासह मुंबईत छापली गेली. १८७५ मध्ये हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी मुंबईत इस्रायली शाळा काढली; ती पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा झाली, आणि आज तिथले बहुतेक विद्यार्थी ज्यू नाहीत. त्याच सुमारास अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं मराठी कीर्तनातून रंगू लागली, ओव्या आणि अभंगांच्या चालींसकट. ज्यांना शाळेत जायला मिळालं नाही, त्या बायकांचं आणि म्हाताऱ्यांचं धर्मशिक्षण त्या कीर्तनातच झालं.

पण तालमुद न शिकण्याची किंमत त्यांना चुकवावी लागली. इस्रायलला गेल्यावर १९६२ मध्ये तिथल्या रब्बी मंडळाने आदेश काढला, की बेने इस्रायलांशी लग्न लावण्याआधी त्यांच्या मागच्या पिढ्या तपासा. कारण? कोकणात रब्बी नव्हते, तेव्हा तालमुदच्या नियमांप्रमाणे घटस्फोट झालेच नसणार. मग पुनर्विवाहातून झालेली संतती शास्त्राने वैध कशी? पेण-पनवेल-अलिबागहून गेलेली माणसं, ज्यांनी हे प्रकरण कधी वाचलंही नव्हतं, त्यांच्यावर ते लावलं जात होतं. ती जेरुसलेमला धरणं धरून बसली. ऑगस्ट १९६४ मध्ये संसदेने ठराव केला, की बेने इस्रायल हे सर्वार्थाने ज्यू आहेत, आणि रब्बी मंडळाला माघार घ्यावी लागली. त्यांची मुलं-नातवंडं आज इतरांसारखीच सैन्यात जातात.

जबरदस्तीने प्रश्न सुटेल?

साठ हजार मुलांना पकडून आणणारं पोलीस दल कुठल्याच देशाकडे नसतं. म्हणून भर पैशावर आहे. २०२४ च्या निकालानंतर, सूट नसलेल्या विद्यार्थ्यांच्या नावाने येशिवांना मिळणारं सरकारी अनुदान थांबलं. परदेशातल्या देणगीदारांनी काही भार उचलला. नव्या कायद्याच्या मसुद्यांत भांडण चालतं ते आकड्यांवर: दरसाल किती जणांनी जायचं, कितव्या वर्षी कायमची सूट मिळायची, आणि न जाणाऱ्याचं काय काढून घ्यायचं. परदेशप्रवास, वाहन परवाना, घराची सवलत, असे पर्याय चर्चेत येतात. २०२५ च्या सुरुवातीला हरेदींसाठी वेगळी तुकडीही उभी राहिली. तिथे स्त्रिया नाहीत, अन्न कडक सोवळ्याचं आहे आणि अभ्यासाला वेळ राखून ठेवलाय. पण तिच्यात येणारे बहुतेक तेच, ज्यांचं अभ्यासातलं मन आधीच उडालेलं होतं.

या पर्यायांत सगळ्यात झोंबणारा आहे पाळणाघराच्या अनुदानाचा. बाप हजर झाला नाही तर मुलाच्या पाळणाघराची सवलत बंद, असा हा प्रस्ताव, आणि त्यावर न्यायालयात खेचाखेच झाली. सवलत गेली तर त्या घरात पहिला हिशेब बसतो आईचा: पाळणाघराचे पूर्ण पैसे भरायचे, की नोकरी सोडून घरी बसायचं. तिने नोकरी सोडली तर नवऱ्याला काहीतरी कमवावं लागेल, असा सरकारी वकिलांचा हिशेब. रब्बींचा हिशेब असा, की आणखी एक देणगीदार शोधू. दोघांनीही तिला विचारलेलं नाही.